बेचिराग गांवठाणें व त्यांतील घरठाणें
(किल्लारी परिसराच्या जुन्या पांढरींचा विचार)

(१)

जुन्या महसुली कागदांत कांहीं गांवांच्या नांवापुढें ‘बेचिराग’ असा शेरा आढळतो. हा शब्द फारशी आहे. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘चिराग’ म्हणजे दिवा. तिन्हीसांजेस दिवा लावण्यास ज्या गांवांत एकहि माणूस उरलें नाहीं, तें गांव बेचिराग. मराठींत रुळतां रुळतां या शब्दाच्या शेवटच्या ‘ग’ चा ‘ख’ झाला, ‘बेचिराख’ असें रूप प्रचारांत आलें, आणि त्यांत ‘राख’ ऐकूं येऊं लागल्याबरोबर लोकांनीं अर्थहि फिरविला. आज बेचिराख म्हणजे जळून खाक झालेलें, असेंच सामान्यतः समजलें जातें. एका अक्षराच्या पालटानें शब्दाचा रोख दिव्यावरून आगीकडे गेला.

हा पालट केवळ भाषेच्या गमतीचा नाहीं. आग एका रात्रींत घर जाळते; परंतु जळालेल्या घराच्या जागीं पुन्हां दिवा लागला तर तें गांव बेचिराग होत नाहीं. उलट, भिंती धड उभ्या असतांहि दिवा लागेनासा झाला तर तें बेचिराग होतें. अर्थात् घर पडणें ही एक घटना व घरठाण ओस पडणें ही दुसरी. या दोहोंच्या मधल्या काळांत त्या मोकळ्या जागेचें काय होतें, तिच्यावर कोणाचा हक्क राहतो, तिची निगा कोणी राखावयाची, हा प्रश्न आमच्या इतिहासांत वारंवार उत्पन्न झालेला आहे. अलीकडच्या काळांत तो अत्यंत तीव्रतेनें उभा राहिला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर, लातूर व उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमेवर. त्या प्रसंगास तीस वर्षें उलटून गेलीं आहेत. तेव्हां त्याकडे इतिहासाचा विषय म्हणून पाहण्याची वेळ आली आहे, असें समजून हा लेख लिहिला आहे.

(२)

गांव म्हणजे काळी व पांढरी, ही व्याख्या संशोधकांस नवी नाहीं. काळी म्हणजे पिकाऊ जमीन व पांढरी म्हणजे वस्तीची जागा. मराठवाड्याच्या काळ्या कसदार भुईंत पांढरीचा रंग लांबूनहि वेगळा दिसतो. शतकानुशतकें पडलेल्या मातीच्या भिंती, चुलींची राख, शेण, हाडें व खापरें यांचे थर सांचून ती जमीन उंच व फिकी होते. म्हणून ओस पडलेल्या प्राचीन वस्तीच्या उंचवट्यास आजहि लोक ‘पांढरीचें टेकाड’ म्हणतात, आणि उत्खनन करणाऱ्यांसहि हीच खूण प्रथम उपयोगीं पडते. पांढरी ही अशा रीतीनें मनुष्याच्या राहण्यानेंच बनलेली भूमि आहे. गांवांत कौल लावतांना, तंट्यांत साक्ष देतांना पांढरीस देवतेप्रमाणें मानण्याचा जो प्रघात होता, त्याच्या मुळाशीं हीच जाणीव असावी.

पांढरींतील एकेका कुटुंबाच्या जागेस घरठाण, घरवाडा अशीं नांवें होतीं. त्यांत राहतें घर, पुढचें अंगण, मागचें परडें, धान्याचें पेव, आणि ऐपत असल्यास आड, इतक्या गोष्टींचा समावेश होत असे. मराठवाड्यांतील जुनें घर बहुधा माळवदाचें. म्हणजे जाड दगडी भिंती चिखलांत रचलेल्या, वर लांकडी तुळया व त्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यांत असें घर थंड राहतें, चोराचिलटापासून सुरक्षित असतें, आणि त्याच्या छपरावर धान्य वाळवतां येतें. घराचें माप फुटांवर नसून खणांवर होई. वाटणींत भावांच्या वांट्यास खण येत, आणि एकाच घरठाणाचे दोनतीन पिढ्यांत चारपांच तुकडे पडत.

(३)

आतां मालक परागंदा झाला असतां त्याच्या जागेचें काय होई, तें पाहूं. जुन्या व्यवस्थेंत मिरासदार व उपरी असे दोन वर्ग होते. उपऱ्यानें गांव सोडलें म्हणजे त्याचा संबंध संपला. मिरासदाराची गोष्ट निराळी होती. दुष्काळानें, धामधुमीनें किंवा देण्याच्या कटकटीनें तो देशोधडीस लागला तरी त्याची मिरास एकदम बुडत नसे. परत आला असतां आपल्या वतनावर तो हक्क सांगूं शके, आणि इतकीं वर्षें ती जमीन दुसऱ्यानें कसली एवढ्यानें तो हक्क नाहींसा होत नसे. इंग्रजी अंमल बसल्यावर दख्खनच्या पाहणीस आलेल्या अधिकाऱ्यांस या गोष्टीचें मोठें नवल वाटलें होतें. कुळाचा निर्वंश झाला किंवा त्याचा मागमूसच लागला नाहीं, म्हणजे ती जागा ‘गतकुळी’ ठरे. मग पाटील व समस्त गांवकरी मिळून ती नव्या माणसास मिरासपत्र करून देत. यावरून दिसून येईल कीं, जागा मोकळी असणें आणि जागा बेवारस असणें, या दोहोंत जुने लोक स्पष्ट भेद करीत. मोकळ्या जागेचा धनी गैरहजर असे. गतकुळी जागेस धनीच नसे. आणि मधल्या काळांत त्या जागेचा विश्वस्त गांव असे.

सबंध गांवच उठलें तर सरकार पुढें होई. अशा वेळीं कौल देण्यांत येई, व ‘इस्तावा’ म्हणजे वर्षावर्षास चढत जाणारा सारा बांधून दिला जाई. पहिल्या वर्षीं नाममात्र, पुढें थोडा, आणि ठराविक मुदतीनंतर पूर्ण, असा त्याचा क्रम असे. नवी पेठ बसवितांना शेटे-महाजनांस घरांसाठीं जागा व कांहीं वर्षें करमाफी देण्याची चालहि सर्वश्रुत आहे. १६३० ते १६३२ च्या घोर दुष्काळांत, आणि त्याच सुमारास निजामशाहीच्या शेवटच्या लढायांत, हा प्रदेश अतिशय भरडला गेला. नांदेड जिल्ह्यांतील कंधारचा किल्ला १६३१ मध्यें व लातूर जिल्ह्यांतील उदगीर आणि औसा हे किल्ले १६३६ मध्यें मोंगलांच्या हातीं पडले. पुढें १७६० च्या आरंभीं सदाशिवरावभाऊंच्या फौजा व निजामाच्या फौजा यांची झुंज याच उदगीर-औशाच्या टापूंत झाली. फौजा गेल्या म्हणजे मागें जीं गांवें उरत, त्यांस पुन्हां दिवा लावण्याचें साधन हाच कौल होता.

या बाबतींत पुण्याचें उदाहरण प्रसिद्ध आहे. आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें १६३० च्या सुमारास पुणें जाळलें आणि गांवाच्या जागेवर गाढवांचा नांगर फिरवून पहार ठोकली, असें परंपरा सांगते. शहाजी राजांच्या जहागिरीचा बंदोबस्त सुरू झाल्यावर तें पुन्हां वसविण्यांत आलें, व त्या वेळीं सोन्याचा नांगर धरला गेला, असेंहि ती सांगते. नांगराचा तपशील परंपरेचा असला तरी त्यांतील कल्पना विचार करण्याजोगी आहे. घरें जाळल्यानें पांढरी नष्ट होत नाहीं. तीवर नांगर फिरवून तिची काळी केली म्हणजे ती नष्ट होते. शत्रूला हें ठाऊक होतें, आणि गांव वसविणाऱ्यांसहि तें ठाऊक होतें.

(४)

स्थान सुटलें तरी त्याचा संबंध सुटत नाहीं, याचा लातूर-नांदेड प्रांतांतील सर्वांत जुना पुरावा शिलालेखांत आहे. राष्ट्रकूट राजे मान्यखेटास राज्य करीत; परंतु ते आपणांस लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी म्हणवीत. अमोघवर्षाच्या काळच्या, इसवी सन ८६६ च्या शिरूर येथील लेखांत हें बिरुद आलेलें आहे. सौंदत्तीच्या रट्टांनींहि हेंच नगर आपलें मूलस्थान म्हणून मिरविलें. हें लट्टलूर म्हणजे हल्लींचें लातूर, हें मत फ्लीटपासून मान्य होत आलें आहे. त्याचप्रमाणें कंधारपुराचे स्वामी असेंहि एक बिरुद राष्ट्रकूटांस लावलेलें आढळतें. कंधार येथें त्या काळच्या क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे भग्न अवशेष मिळालेले आहेत. ज्या घराण्याचा दिवा दुसरीकडे लागत होता त्यानें मूळ घरठाणाचें नांव पिढ्यानुपिढ्या आपल्या नांवापुढें ठेविलें. ही मिरासीची भावना कुणब्यापासून चक्रवर्त्यापर्यंत एकच होती, असें म्हटल्यास चूक होणार नाहीं.

(५)

आतां १९९३ च्या प्रसंगाकडे वळूं. अनंतचतुर्दशीचें गणपति-विसर्जन उरकून लोक निजले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं भूकंपाचा धक्का बसला. त्याची तीव्रता सुमारें ६.२ होती, म्हणजे जगांतील मोठ्या भूकंपांच्या मानानें ती मध्यमच म्हणावयाची. परंतु केंद्र उथळ होतें, वेळ निजेची होती, आणि घरें माळवदाचीं होतीं. चिखलांत रचलेल्या भिंती फुटल्या व मातीचीं जड छपरें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. सुमारें ८,००० माणसें मृत्यु पावलीं. लातूर जिल्ह्यांतील औसा तालुक्यांतील किल्लारी व उस्मानाबाद जिल्ह्यांतील सास्तूर यांच्या आसपासचीं गांवें जमीनदोस्त झालीं. आदल्या वर्षीं, १९९२ च्या ऑक्टोबरांत, किल्लारीस धक्के बसले होते. तथापि दख्खनचें पठार अचल आहे ही समजूत इतकी दृढ होती कीं, एवढा मोठा घात होईल असें कोणास वाटलें नव्हतें.

पुनर्वसनासाठीं जागतिक बँकेच्या कर्जाच्या साह्यानें महाराष्ट्र सरकारनें १९९४ पासून एक मोठी योजना हातीं घेतली. तींत सर्वांत अधिक हानि झालेलीं ५२ गांवें जुन्या जागेवरून उठवून नव्या जागीं वसविण्याचें ठरलें. कांहीं गांवें होतीं त्याच ठिकाणीं बांधावयाचीं, व इतरत्र मोडकळीस आलेल्या घरांची दुरुस्ती करून तीं मजबूत करावयाचीं, असे तिचे दुसरे भाग होते. उठविलेल्या गांवांत घराचें माप धारण केलेल्या जमिनीवर ठरलें. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांस २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांस ४००, व त्याहून अधिक असलेल्यांस ७५०. देशांतील अनेक संस्थांनींहि गांवें बांधून दिलीं. बाणेगांव हें केरळांतील मलयाळ मनोरमा या वृत्तपत्रानें, लॉरी बेकर यांच्या आराखड्याप्रमाणें बांधलें. नवीं गांवें सरळ रस्त्यांचीं, सारख्या प्लॉटांचीं, नंबर घातलेल्या घरांचीं झालीं. जुन्या गल्ल्या, वेस व पार तेथें नव्हते. पुढें लोकांनीं घरांस पत्र्याचे आडोसे व ओसऱ्या जोडून तीं आपल्या सोयीचीं करून घेतलीं.

या सर्व उद्योगाचें वर्णन पुष्कळ झालें आहे. आमचा प्रश्न त्याच्या उलट बाजूचा आहे. ५२ नवीं गांवें वसलीं, याचा अर्थ ५२ जुन्या पांढरी उठल्या. मिरासींच्या भाषेंत सांगावयाचें तर धनी हयात होता, जवळच कांहीं अंतरावर रहात होता, पण त्याचा दिवा तेथें लागत नव्हता. जुन्या किल्लारींत मृतांचा स्मृतिस्तंभ आहे आणि दर वर्षीं ३० सप्टेंबर रोजीं तेथें त्यांस अभिवादन होतें. एका दिवसापुरता कां होईना, तेथें दिवा लागतो. बाकीचे दिवस ती भूमि कोणाची व कशी राहते?

(६)

या ठिकाणीं संशोधकांनीं एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. घरठाणाचें जुनें खत, मग तें खरेदीचें असो, गहाणाचें असो किंवा वाटणीचें, जागेची ओळख चतुःसीमेनें करून देतें. पूर्वेस अमक्याचें घर, पश्चिमेस तमक्याचा वाडा, दक्षिणेस बोळ, उत्तरेस मारुतीचें देऊळ. अशा खतांत जागेचा पत्ता शेजाऱ्यावर अवलंबून असतो. एखादें घर जळालें तर त्याच्या चारहि बाजूंचीं घरें उभीं असतात. म्हणून सीमा कायम राहते व पुन्हां पाया धरतां येतो. परंतु चारी शेजाऱ्यांचीं घरें एकाच पहाटे पडलीं व पुढें सर्वांनींच जागा सोडल्या, म्हणजे खत शाबूत असूनहि तें कशाकडे बोट दाखवितें हें कळेनासें होतें. भूकंपानें घरांबरोबर कागदांचा अर्थहि पाडला, असें म्हणावें लागतें.

शेताची गोष्ट अशी नाहीं. शेतास सर्व्हे नंबर आहे, हद्दीचे दगड आहेत, सात-बारा आहे. गांवठाणाच्या आंत मात्र महाराष्ट्रांतील बहुतेक लहान गांवांची घरनिहाय मोजणी फार काळपर्यंत झाली नव्हती. मराठवाड्यांत पूर्वीं हैदराबाद संस्थानाचा १३१७ फसलीचा जमीन महसूल कायदा चाले. नंतर महाराष्ट्राचा १९६६ चा जमीन महसूल अधिनियम आला. या दुसऱ्या कायद्यांत गांवठाणाची हद्द ठरविण्याची व मोजणीची तरतूद होती. पण व्यवहारांत घराचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीच्या आकारणीचा नमुना ८. तो कर बसविण्यासाठीं असतो, मालकी ठरविण्यासाठीं नव्हे. आकाशांतून छायाचित्रें घेऊन वस्तीच्या जागांची मोजणी करण्याची केंद्र सरकारची ‘स्वामित्व’ योजना २४ एप्रिल २०२० रोजीं जाहीर झाली. आबादीचें, म्हणजे नांदत्या वस्तीचें क्षेत्र हा तिचा विषय असल्यामुळें, १९९३ सालींच उठलेल्या पांढरींचा अंतर्गत नकाशा तिच्यांतून आपोआप निष्पन्न होण्याजोगा नाहीं. तो इतर साधनांवरूनच जुळवावा लागेल.

(७)

आगीनें मोकळ्या झालेल्या जागांचा अनुभव येथें उपयोगीं पडेल. पुण्याचा शनिवारवाडा फेब्रुवारी १८२८ मध्यें जळाला. आंतल्या इमारती गेल्या. राहिला तो तट व मोकळें पटांगण. त्या जागेवर दुसरी दाट वस्ती झाली नाहीं, म्हणूनच सुमारें १९२० च्या पुढें तेथें खोदकाम होऊन दिवाणखान्यांचे पाये व कारंज्यांचे हौद उघडे झाले. राजवाड्याचें घरठाण मोकळें राहिलें व त्याचा पाया वांचला. त्यामुळें जुनीं वर्णनें जागेवर ताडून पाहण्याची सोय झाली.

सप्टेंबर १६६६ मध्यें लंडन शहर जळालें तेव्हां तेथील कारभाऱ्यांनीं प्रथम दोन गोष्टी केल्या. धनी व भाडेकरी यांचे तंटे तोडण्यासाठीं स्वतंत्र न्यायासन नेमलें, आणि रॉबर्ट हूक प्रभृति मोजणीदारांकडून प्रत्येक घराच्या पायाची आंखणी करवून तिचे दाखले दिले. राडारोडा काढून पाया मोकळा करणें हें धन्याचें काम. त्यावर खुंट्या मारून नोंद ठेवणें हें शहराचें काम. घर पुढें केव्हां का बांधलें जाईना, जागेची ओळख पहिल्या कांहीं वर्षांतच पक्की झाली. त्या मोजणीच्या वह्यांवरून आजचे अभ्यासक जुन्या लंडनच्या गल्ल्यांचा शोध घेतात.

आपल्या काळांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत वणव्यांनीं सबंध वस्त्या खाल्ल्या. ८ नोव्हेंबर २०१८ रोजीं पॅराडाइज नांवाचें गांव जवळजवळ पूर्ण जळालें. जानेवारी २०२५ मध्यें लॉस एंजेलिसजवळच्या पॅलिसेड्स व आल्टाडेना या भागांवर तसाच प्रसंग आला. तेथें राख व राडारोडा उपसल्यावर जे प्लॉट मोकळे राहतात, त्यांवर पावसाळ्यांत गवत माजतें, उन्हाळ्यांत वाळतें, आणि तेंच पुढल्या वणव्याचें सरपण होतें. म्हणून मालक दूर रहात असला तरी त्यानें आपल्या मोकळ्या जागेंतील गवत व झुडपें वेळच्या वेळीं काढावीं, असा पॅराडाइजसारख्या गांवांचा नियम आहे. एका धन्याच्या हेळसांडीनें परत आलेल्या शेजाऱ्याचें नवें घर धोक्यांत येतें, हें त्यामागील तत्त्व होय. जुन्या मराठी गांवांत पडक्या घराचा धनी शेजारधर्मानें बांधलेला असे. तेथें तोच धर्म कायद्यानें लावला आहे, इतकाच फरक.

(८)

मराठवाड्यांतील ओस पांढरीस वणव्याचें भय त्या मानानें कमी. पण तिचे शत्रु दुसरे आहेत. पहिला शत्रु काटेरी झुडूप. बाभूळ व विशेषतः वेडी बाभूळ पडक्या भिंतींच्या सांदींत रुजली म्हणजे तिच्या मुळ्या पाया उकलतात, आणि आंत पाऊल टाकणें कठीण होतें. दुसरा धोका पेवांचा व आडांचा. घर असतांना पेवाचें तोंड कोठें आहे हें घरच्या पोरासहि ठाऊक असतें. घर गेल्यावर तें गवताखालीं लपतें, व गुराखी किंवा गुरूं त्यांत पडण्याचा संभव असतो. तिसरा शत्रु माणूसच. पांढरीची माती शेताला खताप्रमाणें मानवते, म्हणून जुन्या टेकाडांवरून गाड्या भरभरून ती नेण्याची चाल फार जुनी आहे. घडीव दगड, चौकटी व तुळया नव्या कामास नेणें हें तर उघडच आहे, आणि संकटांतून उठलेल्या माणसास त्याबद्दल दोष देणें योग्य नव्हे. पण त्याच गाडींतून एखादी वीरगळ, सतीशिळा किंवा कोरलेली पायरी निघून गेली, म्हणजे त्या गांवाची एक साक्ष बुडते.

जपणूक झाली तर केवढें फळ मिळतें, याचें उदाहरण याच परिसरांत तेर येथें आहे. तेर म्हणजे ग्रीक प्रवासवर्णनांतील तगर. तेथील पांढरींचीं टेकाडें प्राचीन बाजारपेठेचीं आहेत. रामलिंगप्पा लामतुरे या तेथल्याच गृहस्थांनीं या टेकाडांवर सांपडणाऱ्या मृण्मूर्ति, मणी, नाणीं व भांडीं आयुष्यभर गोळा केलीं, आणि त्यांच्या संग्रहांतून तेथील सरकारी वस्तुसंग्रहालय उभें राहिलें. १९५८ मध्यें चापेकर यांनीं तेरला उत्खनन केलें. तगराचे नागरिक जाऊन दीड हजारांहून अधिक वर्षें झालीं. तरी त्यांच्या घरठाणांनीं सातवाहनकालीन व्यापाराचा इतिहास सांगितला, तो कोणत्याहि बखरींत नाहीं. किल्लारी, मंगरूळ, तळणी, सास्तूर इत्यादि गांवांच्या जुन्या पांढरी या पुढल्या संशोधकांची तेर आहेत. फरक इतकाच कीं, येथें घरधन्यांचीं मुलेंबाळें आज हयात असून त्यांना कोणती भिंत कोणाची हें विचारतां येतें.

(९)

संग्राहकांच्या दृष्टीनें या प्रश्नाचें महत्त्व यापुढें आहे. किल्लारीच्या परिसरांतील देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी व मठपति यांच्या घरांतून निघालेले कागद जर कोणाच्या रुमालांत असतील, तर त्यांतील वतनाचे तंटे व वंशावळी हेंच आजवर मोलाचें मानलें गेलें. घराच्या किरकोळ खरेदीखतांस आम्ही बहुधा बाजूला सारतों. परंतु वर सांगितल्याप्रमाणें शेजारी पडल्यानें निरर्थक झालेलीं हींच खतें एकत्र मांडलीं तर एकमेकांस अर्थ देऊं लागतील. एका खताची पूर्वसीमा ती दुसऱ्याची पश्चिमसीमा असते. दहावीस खतें अशीं जुळलीं कीं एक गल्ली उभी राहते. चाळीसपन्नास जुळलीं कीं वेशीपासून गढीपर्यंतचा रस्ता दिसूं लागतो. मग तो कच्चा नकाशा घेऊन जागेवर जावें, वृद्धांस विचारावें, व आकारणीच्या जुन्या नोंदींशीं ताडून पाहावा.

मात्र येथें एक सावधगिरी अवश्य आहे. कागदांवरून काढलेला नकाशा कागदवाल्यांचाच नकाशा होण्याचें भय असतें. महारवाडा, मांगवाडा, वडारांचीं पालें, बलुतेदारांच्या झोंपड्या, गांवाच्या कडेस राहिलेले उपरी मजूर, यांच्या घरठाणांचीं खतें सहसा झालींच नाहींत. त्यांची जागा पिढ्यानुपिढ्यांच्या राहण्यानें त्यांची होती, लेखानें नव्हे. विधवांच्या वांट्याचीहि तीच कथा आहे. तिचा खण घरांत सर्वांस ठाऊक असे, पण खतांत तिचें नांव क्वचितच येई. भूकंपानें वाडा व झोंपडी यांत भेद केला असेल तर तो उलटाच केला. जड माळवदाखालीं निजलेल्यांपेक्षां हलक्या छपराखालीं निजलेला वांचण्याचा संभव अधिक होता. अशा वांचलेल्या माणसाची जागा नकाशावर कोरी राहिली, तर ती गतकुळी होती असा खोटा निष्कर्ष पुढील पिढी काढील. म्हणून जेथें कागद नाहीं तेथें तोंडी साक्षच प्रमाण धरून, सांगणाराचें वय व नातें यांसह, ती लिहून ठेविली पाहिजे. जुन्या महजरांत गोतानें हेंच केलें. समस्त पांढरीची साक्ष घेऊन महजर केला जाई, आणि त्यांत बलुतेदारांच्या निशाण्याहि असत. पाटलाच्या नांगराशेजारीं दुसऱ्या कोणाची निशाणी उमटत असे, हें महजर पाहिलेल्या वाचकांस सांगावयास नको.

हें काम विलंब सोसणारें नाहीं. जो १९९३ सालीं चाळीस वर्षांचा होता तो आज सत्तरीच्या पुढें गेला आहे. जुन्या गांवांत जन्मलेला शेवटचा मनुष्य गेल्यावर त्या पांढरींस विचारण्यासारखें कोणी उरणार नाहीं, आणि मग त्यांवर नांगर फिरला काय किंवा बाभूळ माजली काय, फरक कळणार नाहीं. त्या पुन्हां वसाव्या असें आमचें म्हणणें नाहीं; तेथें घात झाला आहे, व लोकांनीं दुसरीकडे संसार मांडले आहेत. झुडपें निघावीं, पेवें व आड बुजवावे किंवा झांकावे, कोरीव शिळांची जागच्या जागीं नोंद व्हावी, आणि प्रत्येक घरठाणाच्या धन्याचें नांव एका वहींत असावें, इतकेंच मागणें आहे. यांतील पहिलीं कामें गांवाचीं व सरकारचीं. शेवटचीं दोन आमचीं आहेत.

लातूर, औसा, निलंगा, उमरगा, उदगीर, कंधार व नांदेड या बाजूच्या दप्तरांचे रुमाल ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं या ५२ गांवांच्या घरठाणांसंबंधीं जो जो कागद आढळेल त्याची तारीख, गांव व चतुःसीमा एवढी तरी टिपून मंडळाकडे कळवावी. कागद फाटका असो, मध्येंच तुटलेला असो, रक्कम क्षुल्लक असो. ज्यांत चार शेजाऱ्यांचीं नांवें आहेत तो कागद या कामास पुरेसा आहे.